चाल : पारंपरिक

मार्चचा दुसरा आठवडा लागला की सांगलीच्या कडेकडेच्या वस्त्यांत हवेला गंधकाचा वास येतो. द्राक्षांचा बेदाणा होत असतो. त्याला सोन्यासारखा रंग चढावा म्हणून गंधकाची धुरी देतात. सोन्यासारखं दिसायचं तर आधी धूर सोसावा लागतो, असं एखादं सुभाषित यातून काढता आलं असतं, आणि शाळेत असताना मी ते काढून फळ्यावर लिहिलंही असतं. आता निवृत्त आहे. सुभाषितांची सक्ती उरलेली नाही. नुसता वास येतो, घसा खवखवतो. शेजारच्या घरात कुणीतरी मोठ्यानं पाठ करत असतं, रसवंतीचे घुंगरू वाजत असतात, आणि माझा उजवा हात उगाच टेबलावर लाल पेन चाचपतो.

याच दिवसांत एक चाल आठवते. संथ आहे, चार-पाच सुरांत फिरणारी आहे, आणि तिच्या दुसऱ्या ओळीशी मी दर वर्षी अडखळतो. तिथे काहीतरी राहून गेलेलं आहे. काय राहून गेलंय ते मला पक्कं माहीत आहे. पण माहीत असलेल्या गोष्टी टाळण्यात मी चांगला तरबेज आहे.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर मी विट्याला एका हायस्कुलात मराठी शिकवत होतो. वय तिशीच्या आत. लग्न ठरलं नव्हतं, मतं मात्र सगळी ठरलेली होती. भाड्याची खोली ज्या गल्लीत होती ती गलाईवाल्यांची. सोनं गाळायला, जुने दागिने वितळवून शुद्ध करायला त्या भागातली माणसं देशभर गेलेली. कुणी मदुराईला, कुणी कटकला, माझे घरमालक तात्या थेट सिलीगुडीला. गल्लीतली घरं तीन-तीन मजली, गच्चीवर सिमेंटचे गरुड, आणि आत एखादी बाई, एखादी म्हातारी. पुरुष फक्त फोटोत आणि चैत्रात दिसायचे. गावोगावच्या यात्रा चैत्रात. तेव्हा सगळे परत यायचे, पंधरा दिवस मोठ्यानं हिंदी-मराठी बोलायचे, पालखीपुढे गुलाल उधळायचे आणि पुन्हा फोटोत जायचे.

अशाच एका चैत्रात तात्यांनी सिलीगुडीच्या बाजारातून एक टीव्ही गेम आणला होता. पोरांसाठी. पण जूनमध्ये पोरं कराडला वसतिगृहात गेली आणि गेम घरी राहिला. तात्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, त्याही घरी राहिल्या. तेव्हा जे व्हायचं ते झालं.

दुपारी शाळेतून आलो की जिन्यातच सूर ऐकू यायचे. दार उघडं असायचं. पदर खोचून, मांडी घालून, बांगड्या कोपरापर्यंत सारून काकू टीव्हीपुढे बसलेल्या.

"सर, च्या ठिवलाय तिथं. हातानं घ्या. मी बुडतीय."

गेममध्ये एक छोटा माणूस होता. तो डोंगर चढायचा, जंगल ओलांडायचा, पुलावरून पळायचा. ते सगळं काकूंनी दिवाळीच्या आधीच उरकलं होतं. मग एक तळं आलं. धुकं, काळं पाणी, एक होडी. माणूस होडीत बसून वल्हवतो, मधूनच पाण्यातून मासे उडी मारतात, एक लागला की होडी उलटते. या तळ्यावर काकू अडकल्या. त्या यंत्राला आठवण नव्हती. वीज गेली की पुन्हा डोंगरापासून सुरुवात. आणि विट्याची वीज तळ्याच्या मध्यावर हमखास जायची.

"पलीकडं काय आसंल वो सर?" काळ्या पडलेल्या टीव्हीकडे बघत काकू विचारायच्या.

"दुसरा किनारा," मी म्हणायचो. मराठीच्या मास्तराला साजेसं उत्तर.

"त्यो तर तिकडं सिलीगुडीला बी आसंल," काकू म्हणायच्या आणि भाकरीला उठायच्या.

आधीच्या टप्प्यांवरची गाणी उड्या मारणारी होती. तळ्याचं तसं नव्हतं. कुणी दूरवर, थंडीत, तोंड न उघडता काहीतरी म्हणत असावं असं ते होतं. आवाज पत्र्याचा, पण पत्र्याच्या मागे कुणीतरी बसलेलं. हे मला आज सुचतंय. तेव्हा मला वाटायचं, हे यंत्र आहे, यंत्र वाजतं.

काकूंच्या समोर, गल्लीच्या पलीकडे, विमलताई भिंगारदिवे शिवणयंत्रावर बसायच्या. वय पस्तिशीचं, नवरा एसटीच्या वर्कशॉपात, चार गल्ल्यांची पोलकी आणि आमच्या शाळेचे गणवेश त्यांच्याकडे. त्यांचे वडील जलशात गायचे. वडील गेले तेव्हा भावांनी घर वाटून घेतलं आणि पेटी कुणालाच नको म्हणून विमलताईंकडे आली. भाता जरा फुटका होता. त्याला त्यांनी आतून खादीचा तुकडा शिवला होता. भीमजयंतीला दर वर्षी त्यांचं एक नवं गाणं असायचं. गाण्याची रीत सगळ्यांना ठाऊक होती: चाल बाजारातून उचलायची, शब्द आपले घालायचे. सिनेमातली नायिका ज्या चालीवर झाडाभोवती फिरली त्याच चालीवर वस्ती आपला इतिहास म्हणायची, आणि माझ्या मते इतिहासच जास्त शोभायचा.

त्या वर्षी दहावीचे पेपर चालू होते. सुपरव्हिजन करून आलो आणि पँटची शिलाई उसवली म्हणून विमलताईंकडे गेलो.

"जय भीम सर. पँट ठिवा तिथं. त्याच्या आदी जरा ऐका. शुद्धलेखन बगायचंय."

ऐकायचं आणि शुद्धलेखन बघायचं हे त्यांच्याकडे एकच काम होतं. वही माझ्या हातात दिली, पेटी पुढे ओढली आणि समोरच्या घरातून दिवसभर येणारी ती तळ्याची चाल त्यांनी गायला सुरुवात केली. शब्द असे होते:

आज्यानं माझ्या हात लावला…
तवा त्येचं पाणी झालं.

गावातल्या तळ्याचं गाणं होतं. ज्या पाण्याला शिवायची बंदी, ते तोवर पाणी नव्हतंच, असं म्हणणारं. "हात लावला"वर त्या थांबल्या. श्वास घेतला. तो नीट ऐकू आला. समोर काकूंच्या टीव्हीवर तीच ओळ न थांबता पुढे पळत होती. विमलताई मागे राहिल्या, आणि त्या राहिलेल्या जागेत माझ्या अंगावर काटा आला. मी काटा दाबला आणि अनुस्वार तपासू लागलो.

"मध्ये थांबलात का?"

"आवं, श्वास नको घ्यायला? ही चाल बांधणाऱ्याला फुफ्फुसं न्हाईत बगा. दम न खाता पळतीया. मशिनचं काय, लाइट हाय तवर गातंय."

"म्हणजे तुम्ही चाल तोडलीत."

"तोडली न्हाई सर. जागा केली." मग सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "आणि दुसरं कडवं तर समदं माझंच हाय. त्या गेममधी ते न्हाईच. काकू बुडत्यात तिथं."

जयंतीच्या आधी सांगलीहून एक कॅसेटवाले आले. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांची सांगलीत एक रेकॉर्डिंगची खोली होती. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले, आणि बाहेर पाटी अशी की आत संगीताचा राजवाडा असावा. वस्त्यांतून फिरून आठ गाणी निवडायची आणि जयंतीला कॅसेट काढायची, हा त्यांचा दर वर्षीचा उद्योग. पण त्या वर्षी अण्णा घाबरलेले होते. चाल चोरल्याबद्दल त्यांना कुणा सिनेमावाल्याच्या वकिलाची नोटीस आली होती. म्हणून समाजमंदिरात बसल्या बसल्या त्यांनी जाहीर केलं, "चाल कुणाची ते आधी सांगायचं. सिनेमाची नको. चालीला मालक नको, नाहीतर मालकाची सही हवी."

विमलताई गायल्या. दुपारची वेळ, पत्रा तापलेला, बाहेर कडुनिंबाचा मोहर गळत होता. गाणं संपल्यावर अण्णांनी खिशातून रुमाल काढला, तो घामासाठी होता असं त्यांनी दाखवलं.

"ताई, हे पहिलं गाणं. कॅसेटच्या वरच. चाल कुणाची?"

त्या एका क्षणी विमलताई "माझी" म्हणाल्या असत्या तर कुणी हूं का चूं केलं नसतं. त्या म्हणाल्या, "समोरच्या काकूंच्या गेममधली हाय. पण मधला थांबा माझा, दुसरं कडवं माझं. ज्याची हाय त्येचं बी नाव लावा, माझं बी लावा."

"गायिका म्हणून लागेलच की."

"गायिका म्हणून न्हवं. चाल म्हणून." आणि मग जरा हळू, "माझा बा तीस वर्सं गायला अण्णा. त्येच्या चाली आज बी गात्यात लोकं. कुटं नाव हाय का सांगा."

हे त्यांचं मागणं होतं. एवढंच. कॅसेटच्या कागदावर, बोटाच्या पेराएवढ्या जागेत, 'चाल' या शब्दापुढे आपलं निम्मं नाव.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. समाजमंदिरात एमए झालेला मी एकटा होतो, आणि एमए झालेल्या माणसाकडे असं कुणी बघितलं की त्याचं काय होतं हे मी स्वतःवरून सांगू शकतो. मी उठलो, गल्ली ओलांडली, काकूंकडून गेमची कॅसेट मागून आणली. चष्मा लावून तिची पाठपोट तपासली. एका बाजूला होडीतल्या माणसाचं फिकट चित्र, दुसऱ्या बाजूला चिनी की जपानी अक्षरं आणि चार स्क्रू. नाव कुणाचंही नव्हतं.

"याला कर्ता नाही," मी निकाल दिला. "हे यंत्रानं तयार केलेले सूर आहेत."

"कर्ता न्हाई म्हंजी?" विमलताई म्हणाल्या. "आभाळातनं पडली का चाल?"

"कर्ता अज्ञात असतो तेव्हा 'पारंपरिक' लिहायची पद्धत आहे. ओव्या, भारुडं, सगळ्यांना तसंच लिहितात."

"आणि माझा थांबा?"

मी जे उत्तर दिलं ते मला शब्दशः आठवतं. इतर पुष्कळ गोष्टी वयानं पुसल्या, ही नाही. मी म्हणालो, "विमलताई, थांब्याला चाल म्हणत नाहीत."

समाजमंदिरात लोक हसले. वाईट हसले नाहीत. मास्तर छान बोलला म्हणून हसले. विमलताईही थोड्या हसल्या. अण्णांचा जीव भांड्यात पडला. मालक नाही, सही नको, नोटीस नाही. त्यांनी वहीत लिहिलं: चाल, पारंपरिक. स्पेलिंग मी सांगितलं. लोक 'पारंपारिक' लिहितात, ते चूक आहे.

कॅसेटचं प्रकाशन यात्रेच्या हंगामातच झालं, म्हणजे गलाईवाले पुरुष गावात असताना. टाळ्यांना तेवढीच भर. मंचावर अकरा खुर्च्या होत्या आणि कॅसेटवर गायलेल्यांपैकी कुणीही त्यांत नव्हतं. नारळ फुटले, शाली पांघरल्या गेल्या. उन्हाळा असल्यामुळे त्या पांघरताच काढाव्या लागत होत्या. एका पुढाऱ्यानं कॅसेटला तीनदा पुस्तक म्हटलं. मला हे सगळं फार हास्यास्पद वाटत होतं, आणि तसं वाटत असतानाच माझं नाव पुकारलं गेलं. मी उठलो आणि वीस मिनिटं बोललो. विषय: लोकपरंपरेचं अनामिकत्व. लोकप्रतिभेला नावाचा हव्यास नसतो, ती नदीसारखी असते, वगैरे. तिसऱ्या रांगेत विमलताई बसल्या होत्या, निळ्या काठाचं पांढरं पातळ नेसून. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. तात्या शेजारच्याला म्हणाले ते मंचापर्यंत ऐकू आलं: "सर लय भारी बोल्तात रं. एकदम फर्स्ट क्लास आदमी."

दिखाऊपणा मला लांबून ओळखता येतो असं मी तेव्हाही समजत होतो, आजही समजतो. तो आपल्याच अंगावर असला की शालीसारखा असतो: बाकीच्यांना दिसतो, आपल्याला नुसतं उकडतं.

गाणं मात्र पसरलं. जयंतीच्या मिरवणुकीत वाजलं, बेंजोवाल्यांनी उचललं, पाटणपासून जतपर्यंत गेलं. ज्यांनी तो गेम कधी पाहिला नाही ते त्या थांब्यावर थांबत होते. एका मिरवणुकीत मी बघितलं: "हात लावला"वर बेंजो थांबला, ढोल थांबला, दोन-तीनशे माणसं थांबली, एक श्वास झाला, आणि मग सगळे एकदम, "तवा त्येचं पाणी झालं." त्या दिवशी मला शंका आली की थांब्याला चाल म्हणत असावेत. शंका मी घरी आणली आणि उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली ठेवली.

पुढच्या मार्चात अण्णांनी तेच गाणं पुन्हा काढलं, मुंबईच्या एका नावाजलेल्या गायिकेकडून, मोठ्या वाद्यमेळासह. थांबा तसाच ठेवला, दुसरं कडवंही. विमलताईंना कुणी विचारलं नाही. त्या एसटीनं सांगलीला गेल्या, दिवसभर त्या पुठ्ठ्यांच्या खोलीबाहेर बसल्या आणि संध्याकाळी परत आल्या. दुसऱ्या दिवशी मी शाळेला निघालो तर त्या दारात होत्या.

"गेल्ती सर सांगलीला."

"काय म्हणाले अण्णा?"

"म्हणलं, ताई, पारंपरिक हाय की. पारंपरिक म्हंजी समद्यांचं. तुमच्या सरांनीच लिवायला सांगितलंय." हे त्यांनी मला टोचायला सांगितलं नाही. मी विचारलं म्हणून सांगितलं. मग म्हणाल्या, "गणवेशाची मापं कवा देताय? जूनला घाई हुती."

मी सांगलीला जाऊन भांडेन म्हणालो. पेपर तपासून झाले की. पेपर तपासून झाले, मी गेलो नाही. माझेच शब्द मला ऐकवले जातील ही भीती होती, आणि ती कुणाला सांगता येण्यासारखी नव्हती. विमलताईंनी त्यानंतर जयंतीला नवं गाणं केलं नाही. बाया कोरसला बोलवायच्या तेव्हा जायच्या. मला त्यांनी पुन्हा कधी शुद्धलेखन बघायला दिलं नाही. पँटा शिवून देत राहिल्या. शिलाई पूर्वीपेक्षा जास्त घट्ट होती, असं मला वाटायचं.

काकूंना तळं शेवटपर्यंत ओलांडता आलं नाही. एका चैत्रात तात्या त्यांनाच सिलीगुडीला घेऊन गेले. पाच-सहा वर्षांनी तिथूनच काकू गेल्याची बातमी आली. मी बदली होऊन कडेगावला, मग सांगलीला आलो. कॅसेटी गेल्या, अण्णा गेले, त्या खोलीच्या जागी मोबाइलचं दुकान आलं.

या वर्षी मार्चात मुलगी पुण्याहून आली होती. मी भाजी निवडत गुणगुणत होतो. ती म्हणाली, "बाबा, हे तुम्ही दर उन्हाळ्यात म्हणता. काय आहे हे?" मी सांगितलं, थोडं. तिनं फोन पुढे धरला, "पुन्हा म्हणा." मग तो माझा घोगरा आवाज तिनं कुठल्याशा ठिकाणी टाकला, जिथे जुन्या गेमांचे वेडे जगभरातून बसलेले असतात. चार तासांत ब्राझीलमधल्या कुणीतरी उत्तर दिलं. पेपर तपासायला बोर्डाला अशी तत्पर माणसं हवीत.

गेमचं नाव कळलं. आणि चालीला कर्ता होता. कर्ती होती.

सुमिए कुराहाशी. आता सत्तरीच्या घरात. तिची एक मुलाखत मुलीनं काढून दिली, खाली इंग्रजी ओळी येणारी. मी ती मध्ये मध्ये थांबवत तीनदा बघितली. समुद्राकाठच्या लहान गावातली मुलगी, पियानो शिकलेली, शाळेत कवायतीला पियानो वाजवायची. पेपरातली जाहिरात बघून खेळण्यांच्या कंपनीत लागली. तिथे एका खोलीत पुरुषांच्या मध्ये तिचं टेबल. यंत्राकडे सूर फक्त तीन, आणि चौथा नुसता खरखराट. म्हणजे गायला तीन बायका आणि चौथी भांडी आपटणारी. एवढ्यात डोंगर, जंगल, लढाई, सगळं भागवायचं. नाव लावायची मुभा नव्हती. दुसरी कंपनी माणसं पळवेल म्हणून टोपणनाव लावायचं, आणि तेही गेमच्या अगदी शेवटी, तो पूर्ण करणाऱ्यालाच दिसेल असं. तिनं असे कितीतरी गेम केले. जगभरातली पोरं तिचे सूर गुणगुणत मोठी झाली, आणि ती बाजारात भाजी घेताना कुणी ते गुणगुणत गेलं तर गप्प राहायची. पुढे यंत्रं सुधारली, त्यांना खरी वाद्यं वाजवता येऊ लागली, मग कंपनीला तिची गरज उरली नाही. आईच्या आजारपणात काही वर्षं गेली. दुकानांच्या जाहिरातींत मागे "आ…" म्हणणाऱ्या आवाजांत तिचा एक आवाज होता. तिथेही नाव नव्हतं. साठीच्या सुमाराला तिनं पहिल्यांदा स्वतःच्या जुन्या चालींना शब्द लिहिले आणि त्या स्वतः गायल्या, एका लहान सभागृहात. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या, असं ती हसून सांगते. तिचं हसणं बघवत नाही.

तळ्याच्या चालीबद्दल ती एकच वाक्य बोलते. तो टप्पा घाईत झाला होता, चाल एका दुपारी केली, कारण तिला वाटलं होतं की तळं पार करायला लोकांना मिनिटभर लागेल.

काकूंना सबंध उन्हाळाही पुरला नव्हता.

मग मुलीनं मला तळ्याच्या पलीकडचं दाखवलं. कुणीतरी तो गेम शेवटपर्यंत खेळून त्याचं चित्रीकरण ठेवलं आहे. होडी धुक्यातून बाहेर येते, छोटा माणूस उतरतो, एक दार येतं, एक लढाई होते. आणि काळ्या पडद्यावर खालून वर पांढरी अक्षरं सरकू लागतात. पलीकडे नावं होती. पाचवं किंवा सहावं 'कुरा'. मी चष्मा लावून कॅसेटची पाठपोट बघितली होती. पुढे जाऊन बघणं मला सुचलं नव्हतं. माझ्याकडे विजेचं निमित्तही नव्हतं.

विमलताई आता कडेगावला मुलीकडे असतात. फोन करून गेलो. उसाचे शेवटचे ट्रॅक्टर रस्त्यावर होते, धुळीनं घरं पांढरी झालेली. त्यांनी गळ्याभोवती सुती रुमाल गुंडाळला होता. दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं. बोलतात ते कुजबुजल्यासारखं, गाणं संपलं. मुलगी म्हणाली, "सर, लय बोलवू नका आईला." पेटी कोपऱ्यात होती, तिच्यावर मिक्सर ठेवलेला.

मी पाठ करून आलो होतो ते सगळं सांगितलं. चूक माझी होती, मी सांगलीला जायला हवं होतं. त्यांनी हात हलवून ते बाजूला सारलं, माशी वारावी तसं.

"ती बाई हाय व्हय?"

"हो."

"नाव काय म्हणलासा?"

"सुमिए. सुमिए कुराहाशी."

त्यांनी ओठांनी ते दोनदा जुळवून बघितलं. "लावा," म्हणाल्या.

फोन मी त्यांच्या पुढ्यात धरला. लहान सभागृह, पांढऱ्या केसांची बारीक बाई, मागे एक पियानो. ती गाऊ लागली. शब्द मला कळत नव्हते. पहिली ओळ झाली. दुसरी ओळ जिथे पळत सुटते तिथे येता येता विमलताईंचे खांदे वर गेले, रुमालाखालचा गळा हलला, त्यांनी श्वास घेतला. आणि त्याच क्षणी फोनमधली बाई थांबली. माईकमध्ये तिचा श्वास ऐकू आला. मग दोघी खाली आल्या. एक आवाजासकट, एक आवाजाशिवाय.

"परत," विमलताई म्हणाल्या.

मी परत लावलं. तिथेच. तिसऱ्यांदा लावलं. तिथेच.

"तिला बी गुदमारतंय हितंच," त्या कुजबुजल्या. डोळे पुसले नाहीत. फोनकडे बोट करत म्हणाल्या, "तिला काय लिवून धाडता येतं का?"

खाली लिहायची सोय आहे, मी सांगितलं. हजारो लोकांनी लिहिलंय. ती वाचते की नाही ठाऊक नाही. आणि इंग्रजीत लिहावं लागेल बहुतेक.

"मराठीतच लिवा. तिची चाल मला कळली तवा मला कुटं जपानी येत हुतं?"

त्या थांबत थांबत सांगू लागल्या, मी एका बोटानं फोनवर लिहू लागलो. तुमची चाल आम्ही इकडं गायली. लय वर्सं गायली. तुम्ही थांबता तिथं आम्ही बी थांबलो. चाल तुमची. थांबा माझा बी.

लिहून झालं. खाली विमल भिंगारदिवे, कडेगाव, असं मी घातलं आणि त्यांना वाचून दाखवलं.

"आणि वर?"

"वर काय?"

"तिचं नाव वो. आदी तिचं, मग माझं. तवाच सांगितलं हुतं न्हवं मी?"

मी वर नाव घातलं. पूर्ण. बाहेरून एक ट्रॅक्टर गेला आणि पेटीवरचा मिक्सर थरथरला. पाठवायच्या खुणेवर बोट नेलं तेवढ्यात विमलताईंनी माझं मनगट धरलं.

"शुद्धलेखन बगा सर," त्या म्हणाल्या.